खोडायची यादी, ठेवायची यादी : कागद की ॲप, या प्रश्नाची जुनी गोष्ट

दिवसभराच्या कामांची यादी कागदावर लिहावी की मोबाइलमधील ॲपवर, हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे पहिल्यांदा आला असे आपण समजतो. वस्तुतः सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया शहरातील एका मुद्रकापुढे तो जवळजवळ याच स्वरूपात उभा राहिला होता. हा गृहस्थ छापखान्याच्या जोडीला कागदाचे दुकानही चालवीत असे. तरीही आपल्या यादीसाठी त्याने शेवटी कागद सोडला. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. त्याची वही हा आजच्या धाग्याचा आरंभ आहे.

फ्रँकलिनने तरुणपणी स्वतःला सुधारण्याचा बेत केला आणि तेरा सद्गुणांची यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग, शेवटी नम्रता. एका लहान वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले. त्या पानावर तांबड्या शाईने आठवड्याच्या सात वारांचे सात उभे रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी आखल्या. दिवसभरात ज्या गुणाबाबत चूक झाली, त्याच्या घरात रात्री एक काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई आणि वर्षात चार फेऱ्या बसत.

फेरी संपली की तीच वही पुन्हा वापरायची, म्हणून जुने ठिपके काढून टाकावे लागत. अडचण इथेच आली. त्या काळची शाई कागदाच्या पृष्ठभागावर राहत नसे, ती तंतूंत मुरे. ओल्या फडक्याने ती जाणार नाही, खरवडूनच काढावी लागणार. खरवडून खरवडून फ्रँकलिनच्या वहीला भोके पडली. हे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवले आहे.

मग त्याने सारी कोष्टके हस्तिदंती पानांच्या टिपणवहीवर उतरवली. हस्तिदंताच्या पातळ चकत्यांवर शिसपेन्सिलीने लिहावे आणि ओल्या स्पंजाने पुसावे, अशी ही वस्तू. फ्रँकलिनने तिच्यावर रकाने मात्र तांबड्या शाईने आखले, कारण त्या शाईचा डाग हस्तिदंतावर कायमचा बसतो. आखणी पक्की आणि नोंद कच्ची, अशी दोन्ही कामे त्याने एकाच पानावर साधली. आज कोणतेही यादीचे ॲप उघडून पाहा. चौकटी तशाच राहतात, मजकूर रोज येतो आणि रोज जातो. तत्त्व तेच आहे.

तेरा आठवड्यांच्या कसून तपासणीनंतर अखेर कोरी वही पाहायला मिळावी, ही फ्रँकलिनची इच्छा होती. यादी रिकामी होणे हेच त्याच्या लेखी यश. तेव्हा पुसता येणारे साधन निवडण्यात त्याचे काहीच चुकले नाही. चुकामूक झाली ती आपली. त्याने किती वर्षे, कोणत्या गुणात, किती ठिपके टाकले याचा पुरावा स्पंजाबरोबर गेला. व्यवस्थितपणा या गुणाने आपल्याला सर्वांत जास्त छळले, ही त्याची कबुली तेवढी उरली. ती उरली, कारण ती त्याने कागदावर लिहिली होती.

आता त्याच वस्तूचा दुसरा मालक पाहू. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. तीत सत्तर वर्षांचा फ्रँकलिन होता आणि तेहेतीस वर्षांचा थॉमस जेफरसनही होता. जेफरसनच्या खिशातही हस्तिदंती पानेच असत. एका टोकाला खिळ्याने जोडलेली आणि पंख्यासारखी उलगडणारी. वाटेत जे दिसेल, जे सुचेल, जो पैसा खर्च होईल, ते तो पेन्सिलीने त्यांवर टिपून घेई.

घरी आला की तो आणखी एक काम करी, आणि फ्रँकलिनपासून तो वेगळा होतो तो इथे. खिशातली टिपणे तो निरनिराळ्या पक्क्या वह्यांत उतरवी. बागेची वही वेगळी, शेतीची वेगळी, हिशेबाची वेगळी. उतरवून झाल्यावरच पाने पुसायची. त्याच्या हिशेबाच्या टिपणवह्या १७६७ पासून १८२६ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, चालल्या आहेत. ४ जुलै १७७६ या दिवशी त्याने काय खरेदी केले, तेही त्यामुळे आपल्याला कळते. ३ पौंड १५ शिलिंगांचा एक उष्णतामापक आणि बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड. ज्या दिवसाची जगभर पाठ्यपुस्तके होतात, त्या दिवशीही बाजारहाट चुकला नव्हता.

पण जेफरसनच्या वह्या केवळ गमतीच्या नाहीत. १७७४ पासून सुरू होणाऱ्या त्याच्या शेतीच्या वहीत गुलामांच्या याद्या आहेत. नावे, जन्मसाल, कोण कोणाचे मूल, कोणाला किती कापड, कोणाला ब्लँकेट. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीत होती. ‘सर्व माणसे समान’ असे लिहिणाऱ्या हातानेच या ओळी लिहिल्या. मालकाच्या सोयीसाठी केलेली ही नोंद आज उलट्या बाजूने वाचली जाते. ज्या माणसांना स्वतःविषयी लिहून ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांची कुटुंबे संशोधक त्याच याद्यांवरून जुळवतात. त्या ओळी हस्तिदंतावरच राहिल्या असत्या, तर पुसल्या गेल्या असत्या.

एकच साधन, दोन माणसे, दोन परिणाम. म्हणून ‘कागद बरा की ॲप बरे’ असे नुसते विचारणे मला अपुरे वाटते. यादीकडून आपण परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टी मागतो. काम झाले की ती नाहीशी व्हावी, आणि पुढे कधी विचारायची वेळ आली तर ती हाताशी असावी. एकाच पृष्ठभागाला हे दोन्ही क्वचितच जमते. पूर्वीच्या लोकांना हे ठाऊक होते. त्यासाठी थोडे मागे, रोमन काळात, जावे लागेल.

रोमन माणसाची रोजची पाटी म्हणजे लाकडाची फळी. मध्ये थोडी खोलगट कोरलेली आणि त्या खोलगट भागात मेणाचा थर. लिहायला धातूची लेखणी, तिचे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे चपटे. चपट्या टोकाने मेण सपाट केले की मजकूर गेला. लॅटिनमध्ये ‘लेखणी उलटी करणे’ याचा अर्थच लिहिलेले पुसणे, सुधारणे असा होई.

मात्र मेणाला एक खोड होती. लिहिणाऱ्याचा हात जड असेल, तर लेखणीचे टोक मेण भेदून खालच्या लाकडापर्यंत पोचे. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीसाठी २०१० ते २०१४ या काळात उत्खनन झाले, तेव्हा ओल्या चिखलात अशा चारशेहून अधिक फळ्या सापडल्या. मेण केव्हाच नष्ट झाले होते, लाकडावरचे ओरखडे राहिले होते. त्यांतल्या एकीवर इसवी सन ५७ मधील ८ जानेवारी ही तारीख आहे. टिबुलस नावाच्या मुक्त गुलामाने ग्राटस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाला १०५ दिनार देणे असल्याचे त्यात लिहून दिले आहे. ब्रिटनमधला तारीख असलेला हा सर्वांत जुना हस्तलिखित दस्तऐवज. काही फळ्या वाचणे मात्र फार कठीण आहे. एकच फळी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे पुसलेल्या अनेक मजकुरांचे ओरखडे तिथे एकमेकांवर चढले आहेत. संगणकातून ‘डिलीट’ केलेल्या फायलींचे अवशेष शोधणाऱ्या तज्ज्ञांना हे काम ओळखीचे वाटावे.

पुसण्यायोग्य पाटी ही युरोपची मिरासदारी होती असे मात्र कोणी समजू नये. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या शाळांत मुले काळ्या पाट्यांवर पांढऱ्या द्रव्याने लिहितात अशी नोंद आहे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी तर सर्वश्रुत आहे. पाटीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचे, हात फिरवला की पाटी कोरी. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा वाक्प्रचार भाषेत राहिला, अक्षरे कुणाचीच राहिली नाहीत.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये फ्रँक ॲडम्स नावाचा एक बांधणीकार खिशात मावेल अशी छोटी वही विकत असे. तिच्या काही पानांवर विशिष्ट लेप दिलेला असे. त्यावर धातूच्या लेखणीने लिहावे आणि ओल्या फडक्याने वा स्पंजाने पुसावे. कसे पुसायचे याच्या सूचना वहीतच छापलेल्या असत. उरलेल्या पानांवर दिनदर्शिका, नाण्यांची चित्रे, वजनमापे अशी रोज लागणारी माहिती. छापील माहिती कायम आणि मधली पाने रोजच्या टिपणांसाठी. आपल्याकडे १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिणाऱ्या घरांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या भुताशी बोलून झाल्यावर स्मृतीच्या पाटीवरून सारे क्षुल्लक मजकूर पुसून टाकण्याची भाषा करतो आणि लगोलग आपली टिपणवही काढतो. पुसता येणाऱ्या वह्या खिशात बाळगणाऱ्या तत्कालीन प्रेक्षकाला त्या उपमेची उकल करून सांगावी लागत नव्हती. सूडासारखी गोष्ट पुसट होणाऱ्या वहीत टिपावी, यातला उपरोधही त्याला कदाचित जाणवत असेल.

व्यापाऱ्यांनी मात्र या पेचावर सर्वांत शिस्तबद्ध उत्तर काढले. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या संन्याशाचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. त्यात व्हेनिसच्या सावकारांची हिशेबपद्धती दिली आहे. तिच्यात वह्या तीन. पहिली कच्ची. दुकानात घडेल ते घडेल त्या क्रमाने, घरातला कोणीही तीत लिहू शकेल. दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी. कच्च्या वहीतली नोंद पुढच्या वहीत गेली की तिच्यावर रेघ मारायची. यादीतले काम झाल्यावर आपण जी रेघ मारतो, तिची ही मातब्बर पूर्वज म्हणावी लागेल. रेघ मारल्यावर खालचा मजकूर वाचता येतो, हा तिचा मोठा गुण. पुढे तंटा उद्भवला, तर खोडलेलेही साक्षीला येते.

आपल्या पेढ्यांवरची कच्ची आणि पक्की वहीही याच विचाराची. ‘मसुदा’ या शब्दाच्या पोटातही तोच विचार दडला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ काळे केलेले असा. खाडाखोड करून काळा झालेला कागद आधी, साफ प्रत नंतर.

आता ‘यादी’ या शब्दाकडेच वळू, कारण मराठी वाचकाला तो आयता मिळालेला पुरावा आहे. फारसी ‘याद’ म्हणजे स्मरण. मराठेशाहीच्या कारभारात ‘याद’ किंवा ‘यादी’ हा दस्तऐवजाचा एक प्रकारच होता. मागण्या किंवा बाबी एकाखाली एक कलमवार लिहायच्या आणि प्रत्येक कलमाला निर्णय द्यायचा. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर राहत. कोणती बाब मान्य झाली आणि कोणती लोंबकळत राहिली, हे नजर टाकताच कळे. फर्मान एका बाजूने बोलते. या यादीत मागणारा आणि देणारा, दोघांचेही आवाज ऐकू येतात, म्हणून मला हा प्रकार फार बोलका वाटतो.

‘फडणवीस’ या पदनामाची एक व्युत्पत्ती ‘फर्दनवीस’ अशी देतात. फर्द म्हणजे सुटा कागद, तपशीलपत्र, यादी. नवीस म्हणजे लिहिणारा. (फड म्हणजे कचेरी, त्यावरून शब्द आला असेही मत आहे. त्या वादात आज शिरत नाही.) पहिली व्युत्पत्ती धरली, तर नाना फडणवीस हे पदनामाने यादी लिहिणारे ठरतात. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब सूद’ असे शब्द आढळतात. त्यातला ‘सूद’ म्हणजे फारसी ‘शुद’, अर्थात ‘झाले’. मजकूर पुरा झाला, सिद्ध झाला. काम पूर्ण होताच ॲपमधल्या चौकोनात उमटणारी बरोबरची खूण हेच सांगते.

या कारभाराचे कागद रुमालात, म्हणजे कापडी फडक्यात, बांधून ठेवत. पेशवे दफ्तरात असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून निवड करून १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंड काढले. या ढिगाऱ्यात मोठे तहनामे थोडे. कोठीतले धान्य, कारखान्यांचा खर्च, शागिर्दपेशाचा पगार, नेमणुका आणि बक्षिसे यांच्या याद्या मोप. अठराव्या शतकातील पुण्याचा आर्थिक इतिहास लिहिणारा माणूस लढायांच्या बखरी बाजूला ठेवून याच कागदांना हात घालतो.

इथवर गोष्ट पुसण्याची आणि ठेवण्याची. कागदाची तिसरी एक दुर्बलता आहे, त्यावरील ओळींचा क्रम हलवता येत नाही. त्यावर उपाय म्हणून सोळाव्या शतकात कॉनराड गेस्नर या स्विस विद्वानाने टिपणे कात्रून सुट्या चिठ्ठ्या मांडण्याची रीत सांगितली. पुढे ग्रंथालयांची कार्डे आली आणि विसाव्या शतकात सुट्या पानांची कडीची वही आली.

लंडनची नॉर्मन अँड हिल ही कंपनी १९२१ पासून अशा वह्या विकत होती. तिथे तात्पुरती चिटणीस म्हणून लागलेल्या ग्रेस स्कर या बाईंनी वहीला ‘फायलोफॅक्स’ हे नाव सुचवले. १९३० साली ते नाव नोंदवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबफेकीत कंपनीची कचेरी उद्ध्वस्त झाली. पण ग्राहकांचे आणि पुरवठादारांचे तपशील स्करबाई स्वतःच्या फायलोफॅक्समध्ये लिहून ठेवत आणि संध्याकाळी ती वही घरी नेत. त्या वहीच्या आधारे धंदा पुन्हा उभा राहिला. पुढे त्या कंपनीच्या अध्यक्षाही झाल्या. दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, हा आजच्या ‘बॅकअप’चा सारा सिद्धान्त त्यांच्या पर्सेत होता.

यादी यंत्रात शिरली तिचीही सुरुवात लाकडाच्या तुकड्याने व्हावी, हा योगायोग मजेदार आहे. पाम पायलट हे खिशात मावणारे साधन १९९६ साली बाजारात आले. त्याचा जनक जेफ हॉकिन्स याने आधी खिशाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला आणि तो बरोबर बाळगला. बैठकीची वेळ ठरवायची झाली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपून घेतल्याचा अभिनय करायचा. असली वस्तू माणूस खरोखर खिशातून किती वेळा काढील, हे त्याला पाहायचे होते. साधन तयार झाले तेव्हा त्यात मुख्य सोयी चारच. दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी, टिपणे. लिहायला काडीसारखी लेखणी. रोमन कारकुनाच्या हातात दिले असते, तर तो फारसा गोंधळला नसता.

पाम पायलट खोबणीत ठेवून बटण दाबले की यादीची प्रत घरच्या संगणकात जाई. म्हणजे खिशातले हस्तिदंत आणि मेजावरची पक्की वही अशी जेफरसनची जोडी इथेही होती, आणि दोन्ही प्रती मालकाच्याच घरात होत्या. इंटरनेटवरील यादीने बदलले ते नेमके हे. आता पक्की वही दुसऱ्याच्या घरी असते. सोय मोठी झाली. घरातल्या चौघांना एकच यादी दिसते, वाटेत असलेल्या माणसाला ‘कोथिंबीर राहिली’ असे कळवता येते. हे कागदाला कधीच जमले नव्हते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण वही दुसऱ्याच्या घरी असली, की त्या घराचे निर्णय तिला लागू होतात. बर्लिनमधील एका छोट्या कंपनीने २०१० साली ‘वुंडरलिस्ट’ नावाचे यादीचे ॲप काढले. ते फार लोकप्रिय झाले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे स्वतःचे ‘टू डू’ हे ॲप तयार केले. २०१९ मध्ये वुंडरलिस्टचा संस्थापक ख्रिश्चन रेबर याने आपले ॲप परत विकत घेण्याची तयारी जाहीरपणे दाखवली. ते घडले नाही. ६ मे २०२० रोजी वुंडरलिस्ट बंद झाले. याद्या नव्या ॲपमध्ये हलवण्याची सोय दिली होती आणि ज्यांनी वेळेवर लक्ष दिले, त्यांचे नुकसान झाले नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. जुन्या वहीकडे वर्षानुवर्षे न फिरकलेल्या माणसालाही ती माळ्यावर सापडते. बंद झालेल्या ॲपची गोष्ट तशी नसते.

याच सुमारास उलटा प्रवासही झाला. न्यूयॉर्कमधील रायडर कॅरल हा संगणकीय आरेखनाच्या धंद्यातला माणूस. २०१३ साली त्याने ‘बुलेट जर्नल’ ही कागदी वहीची पद्धत जगापुढे ठेवली. तिच्यात महिना संपला की उरलेली कामे नव्या पानावर हाताने पुन्हा लिहायची असतात. हा त्रास कॅरल मुद्दाम ठेवतो. जे काम पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो, ते बहुधा करण्याच्या लायकीचेच नसते, असे त्याचे म्हणणे. फ्रँकलिनला कागद जाचला तो याच कारणाने, पुन्हा पुन्हा लिहावे लागे म्हणून. तोच जाच इथे औषध म्हणून दिला आहे. ॲपमध्ये शिळी कामे फुकट साठतात आणि दोन वर्षांपूर्वीचे ‘दाताच्या डॉक्टरांना फोन’ अजून तिथेच असते, हे अनुभवलेल्यांना कॅरलचा मुद्दा पटेल.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात काय पणाला लागले आहे, ते आता स्पष्ट सांगतो. सामान्य घराचा इतिहास जवळजवळ नेहमी न जपलेल्या कागदांवरून लिहिला गेला आहे. इटलीतील प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० मध्ये वारला. त्याची कागदपत्रे १८७० साली घरातल्या जिन्याच्या पोकळीत मिळाली, सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या. त्यांत पत्नी मार्गेरिताला पाठवलेली पत्रेही आहेत आणि घरच्या कामांची लांबलचक जंत्री त्यांत भरलेली आहे. मध्ययुगीन गृहिणीचा दिवस कसा जाई, हे समजायला तीच उपयोगी पडली. फ्रांचेस्कोला आपली टोचणी इतकी वर्षे टिकेल असे स्वप्नातही वाटले नसेल.

आपल्या काळातल्या घरांचे असे जिने कोठे आहेत? आजच्या याद्या संख्येने प्रचंड आहेत, त्या कुठल्यातरी सर्व्हरवर पडूनही आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग परवलीच्या शब्दातून जातो, आणि तो शब्द माणसाबरोबर जातो. २०२० च्या टाळेबंदीत एखाद्या कुटुंबाने कोणत्या वस्तू आधी भरून ठेवल्या, हे उद्याच्या संशोधकाला कोण सांगणार? त्या बहुतेक याद्या फोनमध्येच लिहिल्या आणि फोनमध्येच पुसल्या गेल्या.

म्हणून माझे मत विचाराल तर निवड साधनांची करण्याऐवजी याद्यांची करावी. वाणसामान, बिले, उद्याचे फोन हे सारे धूळपाटीचे काम, ते खुशाल ॲपवर असावे. घर बांधताना गवंडी, सुतार, सिमेंट आणि पैसे यांची झालेली यादी, लग्नातली केळवणापासून मांडवपरतणीपर्यंतची यादी, आजारपणातली औषधांची आणि येऊन गेलेल्या माणसांची यादी, या कागदावर लिहाव्यात आणि काम झाल्यावर नुसती रेघ मारून ठेवाव्यात.

आणि त्यांवर साल घालावे. जुन्या मराठी पत्रांत बहुधा चंद्राची तिथी आणि मुसलमानी महिना असतो, साल नसते. ‘छ ७ रमजान’ एवढ्यावरून ते पत्र नेमके कोणत्या वर्षीचे, हे ठरवण्यासाठी संपादकांना मजकुरातले उल्लेख, जंत्र्या आणि इतर पत्रे यांचा मेळ घालत बसावे लागे. या एका बाबतीत ॲप निःसंशय पुढे आहे. ते न सांगता साल, महिना, दिवस आणि सेकंदसुद्धा लिहून ठेवते.